टपालपेट्यांचे फोटो : काय टिपायचं, कसं टिपायचं, कुठे थांबायचं

भटकंतीत दिसलेल्या टपालपेटीचा फोटो बहुतेकांनी कधी ना कधी काढलेला असतो. कुणाला ती कोकणातल्या किराणा दुकानाच्या खांबाला टांगलेली दिसते, तर कुणाला जर्मनीत ती चक्क पिवळी पाहून नवल वाटतं. पुढे तो फोटो मोबाइलमधल्या हजारो फोटोंच्या तळाशी जातो आणि वर्षभराने ती पेटी कुठल्या गावची, हेही आठवत नाही. या छंदाकडे जरा नेटाने वळू पाहणाऱ्या वाचकांना ठरावीक प्रश्न पडतात. सरकारी पेटीचा फोटो काढायला परवानगी लागते का? लोकांच्या दारावरच्या पेट्यांचं काय? लाल रंग फोटोत भडक आणि सपाट का येतो? शंभरेक फोटो जमले की त्यांचं करायचं काय?

या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. टपालपेटीचा फोटो देखणा आला म्हणजे काम झालं, असं नाही. जागा, तारीख आणि पेटीवरचा मजकूर यांची नोंद सोबत असेल तरच तो फोटो पुढे कुणाच्या उपयोगी पडतो. हे काम लांबणीवर टाकण्यासारखंही नाही. डेन्मार्कमध्ये 'पोस्टनॉर्ड' या सरकारी मालकीच्या टपालसेवेने चारशे वर्षांची परंपरा थांबवत २०२५च्या अखेरीस पत्रं घरोघरी पोचवणं बंद केलं. त्याआधी जूनपासूनच तिथल्या सुमारे दीड हजार पेट्या रस्त्यांवरून काढायला सुरुवात झाली होती.

भारतात तशी वेळ आलेली नाही. २०२५ मध्ये 'रजिस्टर्ड पोस्ट' ही सेवा 'स्पीड पोस्ट'मध्ये विलीन झाली, तेव्हा लाल पेट्याही बंद होणार असा अनेकांचा समज झाला. तो चुकीचा आहे. साधी पत्रं आजही पेटीतच टाकायची असतात आणि पोस्टाचा माणूस ती उघडायला येतो. मात्र रस्ता रुंदीकरण, इमारतींचा पुनर्विकास आणि घटलेली पत्रं यांमुळे पेट्या एकेक करून कमी होत आहेत, हे आपल्या परिसरात कुणालाही पाहता येईल.

आधी ठरवा : कोणत्या पेट्या टिपायच्या?

दिसेल ती पेटी टिपत गेलात, तर महिन्याभरात कंटाळा येईल. पेट्या ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. त्यांचे नियम वेगळे आणि त्या टिपण्याची पद्धतही वेगळी.

- पत्र टाकण्याच्या सार्वजनिक पेट्या. रस्त्यावर, स्टेशनवर, पोस्टाच्या दारात असलेल्या. त्यांचा फोटो काढायला सर्वांत कमी अडचण येते.
- पत्र येण्याच्या खासगी पेट्या. घराच्या फाटकावर, चाळीच्या जिन्याखाली, सोसायटीच्या प्रवेशद्वारात असलेल्या. वैविध्य सर्वाधिक इथेच सापडतं आणि जपून वागायचंही इथेच.
- स्थानविशेष पेट्या. समुद्राखालची, झाडाच्या ढोलीतली, हिमालयातली. यांच्यासाठी मुद्दाम प्रवास करावा लागतो.

प्रकार ठरला की एक धागा पकडा. एकाच पिनकोडातल्या सगळ्या पेट्या, एकाच जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या पेट्या, फक्त झाडाला किंवा खांबाला टांगलेल्या पेट्या, वापर थांबलेल्या पेट्या, असा कोणताही धागा चालेल.

नवख्यांसाठी पिनकोड सर्वांत सोयीचा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा आकडी पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखली. ते संस्कृतचे नामवंत कवीही होते. पहिल्या तीन आकड्यांवरून पत्रांची वर्गवारी होणारा जिल्हा कळतो आणि शेवटच्या तीन आकड्यांवरून पत्र वाटणारं पोस्ट. ४०० म्हणजे मुंबई, ४०३ म्हणजे गोवा, ४११ म्हणजे पुणे. एका पिनकोडाचा परिसर साधारणपणे पायी किंवा सायकलवर पालथा घालता येतो, त्यामुळे काम पूर्ण झाल्याचं समाधानही मिळतं.

पेटी वाचायला शिका

कॅमेरा काढण्यापूर्वी पेटीभोवती एक चक्कर मारा. आपल्याकडच्या जुन्या, उभ्या लोखंडी पेटीकडे जवळून पाहिलं, तर बरंच काही दिसतं. पायाशी काळा पट्टा आणि त्यावर लाल अंग. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून पत्र टाकण्याच्या फटीवर पुढे आलेली लोखंडी पापणी. तिच्याखाली कुलपाचं दार आणि पेटी उघडण्याच्या वेळांची पाटी. वर्षानुवर्षं चढवलेल्या रंगाच्या थरांनी कोरीव अक्षरं बुजत जातात आणि कडेला जिथे पोपडा निघतो, तिथे आधीच्या लाल छटा एकाखाली एक दिसतात. बिजागरीजवळ किंवा तळाशी कधी ओतकाम करणाऱ्या कारखान्याचं नाव सापडतं. पेटीचं वय ठरवायला त्याचा मोठा उपयोग होतो.

इतर देशांतही अशा खुणांवरून इतिहास वाचता येतो.

ब्रिटन. कादंबरीकार अँथनी ट्रोलोप टपाल खात्यात नोकरीला होता. त्याच्या शिफारशीवरून जर्सी बेटावर नोव्हेंबर १८५२ मध्ये रस्त्यावरच्या पहिल्या पेट्या बसल्या. ब्रिटिश पेटीवर त्या त्या राजाची किंवा राणीची आद्याक्षरं असतात, त्यामुळे पेटीचा काळ एका नजरेत कळतो. १८७९ ते १८८७ दरम्यानच्या काही पेट्यांवर ही अक्षरं घालायचीच राहून गेली. अशा पेट्या 'अनामिक' म्हणून ओळखल्या जातात. षट्कोनी 'पेनफोल्ड' पेट्या १८६६ पासूनच्या आहेत. राजे तिसरे चार्ल्स यांच्या आद्याक्षरांची पहिली पेटी २०२४ मध्ये केंब्रिजशरमध्ये बसली.

स्कॉटलंड. एडिंबरामध्ये १९५२ मध्ये 'दुसरी एलिझाबेथ' असं चिन्ह असलेली पेटी बसली. पहिली एलिझाबेथ स्कॉटलंडची राणी कधीच नव्हती, मग ही दुसरी कशी, असा सवाल करत लोक संतापले. फेब्रुवारी १९५३ मध्ये ती पेटी स्फोटाने उडवण्यात आली. तेव्हापासून तिथल्या नव्या पेट्यांवर आद्याक्षरांऐवजी स्कॉटिश मुकुट असतो.

आयर्लंड. १९२२ नंतर ब्रिटिश काळातल्या लाल पेट्या न काढता हिरव्या रंगवण्यात आल्या. हिरव्या रंगाखाली ब्रिटिश राजाची अक्षरं आजही दिसतात.

केरळ. त्रावणकोर आणि कोचीन संस्थानांची 'अंचल' ही स्वतःची टपालसेवा होती. १९५१ मध्ये ती भारतीय टपाल खात्यात विलीन झाली. त्रावणकोरचं शंखाचं चिन्ह असलेल्या हिरव्या, ओतीव लोखंडी अंचल पेट्या केरळात काही ठिकाणी जतन केलेल्या आहेत.

ही माहिती असली की लेन्स कुठे रोखायची ते आपोआप कळतं. ब्रिटनमध्ये आद्याक्षरांचा जवळून फोटो नसेल, तर पेटीची निम्मी ओळख हातची गेली असं समजा.

रंगावरून गोंधळ होऊ देऊ नका

टपालपेटी म्हणजे लालच, हा समज परदेशात पाऊल ठेवताच मोडतो. ब्रिटनमध्येसुद्धा १८५९ पासून पेट्या हिरव्या होत्या. झाडीत आणि धुक्यात त्या दिसत नाहीत अशा तक्रारी वाढल्यावर १८७४ पासून त्या लाल रंगवायला सुरुवात झाली. प्रवासापूर्वी एवढं लक्षात ठेवा :

- पिवळ्या : जर्मनी, फ्रान्स, स्पेन, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, ग्रीस
- निळ्या : अमेरिका, रशिया
- हिरव्या : चीन, आयर्लंड, १९९७ नंतरचं हाँगकाँग
- नारिंगी : नेदरलँड्स, चेक प्रजासत्ताक
- लाल : भारत, ब्रिटन, जपान, कॅनडा, पोलंड
- दोन रंगांच्या जोड्या : तैवानमध्ये साध्या टपालाला हिरवी, हवाई आणि जलद टपालाला लाल. इटलीत नेहमीची लाल, परदेशी पत्रांसाठी निळी. पोर्तुगालमध्ये साधी लाल, जलद टपालाची निळी.

भारतातल्या मोठ्या शहरांतही रंगांची वाटणी होती. शहरातल्या पत्रांसाठी हिरवी, महानगरांसाठी निळी, राज्यांच्या राजधान्यांसाठी पिवळी आणि बाकी सर्वांसाठी लाल. मोठ्या पोस्टांच्या दाराशी अशा पेट्या जिथे अजून शेजारी शेजारी उभ्या आहेत, तिथे त्या सगळ्या एका चौकटीत घ्या. सुटा फोटो पाहणाऱ्याला ही वाटणी कळत नाही.

मुद्दाम वाट वाकडी करावी अशा पेट्या

या ठिकाणी फोटोबरोबर एक पोस्टकार्डही टाका. कार्डावरचा शिक्का हा त्या जागेचा अधिकृत पुरावा असतो आणि फोटोशेजारी तो ठेवला की नोंद पक्की होते.

हिक्किम, हिमाचल प्रदेश. स्पितीतलं हे पोस्ट १९८३ पासून आहे आणि १४,५६७ फूट उंचीवर आहे. तिथे आता टपालपेटीच्याच आकाराची इमारतही उभी आहे. बर्फामुळे वाट बंद होते, त्यामुळे उन्हाळ्यातच बेत आखा. थंडीत बॅटरी लवकर उतरते. जादा बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेवा.

दल सरोवर, श्रीनगर. हाउसबोटीवरचं तरंगतं पोस्ट २०११ मध्ये सुरू झालं. पाण्यावरून येणारी चकाकी टाळायला सकाळची वेळ बरी.

सुसामी, जपान. वाकायामा प्रांतात समुद्राखाली सुमारे दहा मीटरवर १९९९ पासून पेटी आहे. पाणबुडे जलरोधक कार्ड घेऊन खाली जातात आणि पत्र टाकतात. दहा मीटरवर लाल रंग पाण्यात शोषला जातो आणि पेटी करडी दिसते. फ्लॅश किंवा पाण्याखालचा दिवा नेल्याशिवाय फोटोत लाल रंग येणार नाही.

ऑयटिन, जर्मनी. इथल्या जंगलातल्या एका ओक वृक्षाला १९२७ पासून स्वतःचा टपाल पत्ता आहे. जोडीदार शोधणाऱ्यांची पत्रं त्याच्या ढोलीत येतात. शिडी चढून कुणीही ती वाचू शकतं आणि उत्तर देऊ शकतं. ढोलीचा, शिडीचा फोटो घ्या. पत्रांतल्या मजकुराचा घेऊ नका.

मोसेल बे, दक्षिण आफ्रिका. १५०० मध्ये एका पोर्तुगीज दर्यावर्दीने इथल्या झाडापाशी जुन्या जोड्यात पत्र ठेवलं आणि पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या जहाजाला ते मिळालं. आज तिथे बुटाच्या आकाराची टपालपेटी आहे.

फ्लोरियाना, गालापागोस. व्हेल पकडणाऱ्या खलाशांच्या काळापासून इथे पिंप हीच पेटी आहे. तिकीट लागत नाही. आपलं कार्ड टाकायचं आणि आपल्या गावाजवळचा पत्ता असलेलं कार्ड घेऊन ते स्वतः पोचवायचं.

तैपेई, तैवान. ऑगस्ट २०१५ च्या वादळात पाटी कोसळून लोंगजियांग रस्त्यावरची लाल आणि हिरवी अशी दोन पेट्यांची जोडी एका बाजूला वाकली. लोकांना ती इतकी आवडली की टपाल खात्याने ती तशीच ठेवली. दोन्ही पेट्या ज्या कोनात वाकल्या आहेत तोच फोटोचा विषय आहे, म्हणून मागच्या इमारतीची उभी रेषा चौकटीत सरळ येईल याची काळजी घ्या.

मराठी वाचकांना आणखी एक दुवा माहीत असायला हवा. अंटार्क्टिकातलं भारताचं पहिलं पोस्ट १९८४ मध्ये 'दक्षिण गंगोत्री' तळावर सुरू झालं. नंतर ते 'मैत्री' तळावर गेलं आणि ५ एप्रिल २०२४ रोजी 'भारती' तळावरही पोस्ट सुरू झालं. या पोस्टांचा कारभार गोवा टपाल विभागाकडे आहे. तिथे जाणं आपल्या हाती नसलं, तरी तिथल्या शिक्क्याची पाकिटं टपालतिकिटांच्या प्रदर्शनांत पाहायला मिळतात.

दारावरच्या पेट्या : वैविध्याची खाण

अमेरिकेच्या ग्रामीण भागात घरासमोर, रस्त्याच्या कडेला खांबावर पेटी असते. बोगद्याच्या आकाराची आणि बाजूला लाल झेंडा असलेली ही पेटी रॉय जोरोलमन या टपाल खात्यातल्या अभियंत्याने आखली आणि १९१५ मध्ये तिला मान्यता मिळाली. पेटीचा तळ रस्त्यापासून ४१ ते ४५ इंच उंच असावा आणि दार रस्त्याच्या कडेपासून ६ ते ८ इंच आत असावं, अशी टपाल खात्याची सूचना आहे. पोस्टमनला गाडीतून न उतरता पत्र टाकता यावं, हा हेतू. एवढं सांभाळून लोक पेटीला मासा, ट्रॅक्टर, दीपगृह असं हवं ते रूप देतात. फ्लोरिडात पेटी हातात धरून उभे असलेले मॅनटी हे जलचर जागोजागी दिसतात. इलिनॉयमधल्या केसी या गावी जगातली सर्वांत मोठी टपालपेटी आहे आणि तिच्यात चढून जाता येतं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना ही मालिका गाडीने कामावर जाता-येता करता येईल, पण फोटोसाठी गाडी वळणावर थांबवू नका.

आपल्याकडची खाण वेगळी आहे. मुंबई-पुण्यातल्या चाळीत जिन्याखाली लाकडी आणि पत्र्याच्या पेट्यांची रांग असते. एकीला पितळी कुलूप, दुसरीचं दार सुतळीने बांधलेलं, तिसरीवर आडनाव खोडून दुसरं लिहिलेलं. पुनर्विकासात पहिल्यांदा नाहीशी होते ती हीच रांग. तुमच्या चाळीचा किंवा जुन्या वाड्याचा करार झाला असेल, तर सामान हलवण्याआधी तिचा फोटो घ्या. गोव्यात पणजीच्या फोंतेन्यास भागातल्या घरांच्या रंगीत भिंती आणि दारांशेजारच्या पेट्या हा स्वतंत्र विषय होऊ शकतो, पण ती लोकांची राहती घरं आहेत.

फोटो काढताना : पायरी पायरीने

१. उजेड निवडा. ढगाळ दिवस किंवा सावली सर्वांत चांगली. दुपारच्या उन्हात तकतकीत रंगावर पांढरे डाग उमटतात. कोरलेली किंवा उठावाची अक्षरं टिपायची असतील, तर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन हवं.

२. लाल रंग सांभाळा. फोनचा कॅमेरा लाल रंग पटकन जास्तीचा उजळवतो आणि पेटीचे बारकावे पुसले जातात. पडद्यावर पेटीवर बोट ठेवा, उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा आणि पेटीवरची अक्षरं वाचता येतात का ते पाहा.

३. कॅमेरा पेटीच्या मध्यावर आणा. उभं राहून खाली रोखून काढलेल्या फोटोत पेटी बुटकी आणि तळाशी निमुळती दिसते. गुडघ्यावर बसा.

४. मागे सरका. अगदी जवळून काढलं, तर फोनच्या रुंद लेन्समुळे पेटी फुगीर दिसते. चार पावलं मागे जा आणि दुप्पट झूम वापरा.

५. 'पोर्ट्रेट मोड' बंद ठेवा. पार्श्वभूमी धूसर करताना फोन खांब, साखळी, कुलूप यांच्या कडा खातो. शिवाय पेटीमागचं दुकान, पार, देऊळ हाच तर तिचा पत्ता.

६. प्रत्येक पेटीचे पाच फोटो घ्या. समोरून पूर्ण, बाजूने, वेळांच्या पाटीचा जवळून, एखाद्या खास खुणेचा आणि परिसरासह लांबून.

मालिका करायची असेल, तर बर्न्ट आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याचं काम जरूर पाहा. त्यांनी पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींचे मनोरे वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने टिपले : समोरून, ढगाळ उजेडात, माणसांविना. मग ते फोटो जाळीसारखे शेजारी शेजारी मांडले. सगळे फोटो एकाच पद्धतीचे असल्यामुळे दोन टाक्यांमधला बारीकसा फरकही ठळक होतो. टपालपेट्यांना ही पद्धत फार शोभते.

नोंदीशिवाय पुढे जाऊ नका

फोटो काढल्यावर तिथेच, पेटीसमोर उभं राहून, फोनमध्ये एवढं लिहा :

- गाव, रस्ता, जवळची खूण आणि पिनकोड
- तारीख आणि वेळ
- पेटीवरचा क्रमांक आणि उघडण्याच्या वेळा, जशा लिहिल्या असतील तशा
- पेटीचा प्रकार : उभी, भिंतीतली की टांगलेली
- अवस्था : वापरात, कुलूपबंद, गंजलेली, फट बंद केलेली
- शेजारच्या दुकानदाराने किंवा पोस्टमनने सांगितलेली माहिती, त्यांच्याच शब्दांत

फाइलला नाव देताना आधी पिनकोड, मग तारीख, मग क्रमांक असा एकच क्रम ठेवा. सगळे फोटो दोन ठिकाणी जपा.

परवानगी आणि तुमचे हक्क

सार्वजनिक पेटी. भारतात सार्वजनिक रस्त्यावरून टपालपेटीचा हौशी फोटो काढायला परवानगीची गरज नाही. सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पांचा आणि वास्तूंचा फोटो काढण्याची, तो छापण्याची मुभा कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये आहे.

पोस्टाच्या आत. मुंबईचं जनरल पोस्ट ऑफिस जॉन बेगने आखलं आणि १९१३ मध्ये पूर्ण झालं. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा त्याचा घुमट पाहिल्यावर आत फोटो काढायचा मोह होतोच. तरी खिडकीपाशी लोकांची पासबुकं, सह्या, पैसे असतात. आधी पोस्टमास्तरांना विचारा.

रेल्वे स्थानक. व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी लागते. फोनवरच्या हौशी फोटोंना सहसा हरकत घेतली जात नाही, पण रेल्वे सुरक्षा दलाने थांबायला सांगितलं तर थांबा.

छावणी आणि संरक्षण क्षेत्र. पुणे, देवळाली, अहिल्यानगर अशा ठिकाणी लष्करी हद्दीतल्या पेट्या मोह पाडतात. 'फोटो काढू नये' अशी पाटी असेल, तर तो विषय तिथेच सोडा. शासकीय गुपिते कायदा, १९२३ नुसार गंभीर कारवाई होऊ शकते.

खासगी घर. रस्त्यावरून दिसणाऱ्या पेटीचा फोटो काढता येतो, फाटकाच्या आत शिरता येत नाही. नाव, घरक्रमांक, पेटीतून डोकावणारं पाकीट यांपैकी काही दिसत असेल, तर प्रसिद्ध करण्याआधी ते पुसट करा आणि फोटोतली स्थानाची माहिती काढून टाका. घरमालक समोर असेल, तर विचारून घ्या.

पेटीला हात लावणं. फट उघडून आत फोन घालणं, पाटी फिरवणं, धूळ पुसायला रंग खरवडणं हे काहीही करू नका. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीबद्दल १९८४ च्या कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. अमेरिकेत टपालपेटीची नासधूस हा संघराज्याच्या कायद्याखालचा गुन्हा आहे.

फोटोचा मालक कोण? तुम्ही स्वतःसाठी काढलेल्या फोटोचे हक्क तुमचे. भारतात छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं ते टिकतात. कुणी न विचारता वापरला, तर मूळ फाइल आणि तारखेची नोंद हाच तुमचा आधार.

कुणी हटकलं तर

शांतपणे फोटो दाखवा आणि हेतू सांगा. आधी काढलेल्या पाच-दहा पेट्यांचे फोटो फोनमध्ये एकत्र ठेवलेले असतील, तर समजावणं सोपं जातं. सोसायटीच्या सुरक्षारक्षकाला आवारातून बाहेर जायला सांगण्याचा अधिकार आहे. फोन हिसकावण्याचा किंवा फोटो पुसायला लावण्याचा नाही. पोलिसांनी विचारलं तर ओळख सांगा, वाद घालू नका. पोस्टमन पेटी उघडत असताना त्याचा फोटो हवा असेल, तर आधी विचारा आणि पत्रांवरचे पत्ते चौकटीबाहेर ठेवा.

पेट्या शोधायच्या कशा?

पोस्टमन हा सर्वांत खात्रीचा माहीतगार. दुसरा मार्ग माहितीच्या अधिकाराचा. आपल्या टपाल विभागातल्या पेट्यांची यादी, त्यांच्या जागा आणि उघडण्याच्या वेळा मागणारा अर्ज १० रुपये शुल्क भरून केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची. अर्जात 'का बंद केल्या' असं विचारण्याऐवजी 'गेल्या दहा वर्षांत काढलेल्या पेट्यांची यादी द्यावी' असं नेमकं मागा, कारण या कायद्याखाली कागदोपत्री असलेली माहिती मिळते, स्पष्टीकरण नाही.

फोटोंचं पुढे काय?

- नकाशावर नोंदवा. 'ओपनस्ट्रीटमॅप' या खुल्या नकाशावर टपालपेटीसाठी स्वतंत्र खूण आहे आणि तिथे पेटी उघडण्याच्या वेळाही भरता येतात. दुसऱ्या नकाशावरून माहिती उचलू नका, स्वतः पाहिलेलंच भरा.
- खुल्या संग्रहात द्या. 'विकिमीडिया कॉमन्स'वर फोटो दिला की तो कुणीही नावानिशी वापरू शकतो. व्यावसायिक वापरालाही तिथे मुभा असते आणि परवाना मागे घेता येत नाही, हे समजूनच द्या.
- शाळेत किंवा वाचनालयात मांडा. ९ ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन. १८७४ मध्ये त्याच दिवशी बर्नमध्ये जागतिक टपाल संघटना स्थापन झाली. छोट्या प्रदर्शनाला ही तारीख चांगली.
- तिकिटांची जोड द्या. टपाल खात्याने २००५ मध्ये टपालपेट्यांवर तिकिटं काढली. ती जवळच्या तिकीटसंग्राहकाकडे किंवा फिलाटेली केंद्रात विचारा.

सुरुवात आपल्या पिनकोडापासूनच करा. मोडलेली, गंजलेली, जाहिरातींच्या कागदांनी झाकलेली पेटीही सोडू नका आणि पेटी वापरात असूनही नादुरुस्त दिसली, तर जवळच्या पोस्टात लेखी कळवा. त्याआधी एक पोस्टकार्ड विकत घ्या. ते अजून ५० पैशांना मिळतं. स्वतःचाच पत्ता घालून ते तुमच्या पहिल्या पेटीत टाका आणि घरी आलं की त्यावरचा शिक्का आणि तारीख फोटोच्या नोंदीला जोडा. ती पेटी त्या दिवशी चालू होती, हे मग फोटोवरून अंदाजाने ठरवावं लागणार नाही.